देवीच्या झोपडीत कोण आहे? खानापूर तालुक्यातल्या एका भयपटाचं प्रकरण

बेळगावचा, पण आता पुण्यात जाहिराती आणि वेबमालिकांची कामं करणारा एक तरुण दिग्दर्शक. पदरचे पैसे घालून अर्ध्या तासाचा भयपट करायचा, तोही इकडच्याच मातीतला, असं त्यानं ठरवलं होतं. पटकथा तयार होती, कॅमेरामन ठरला होता, खानापूर तालुक्यातलं एक गाव पाहून ठेवलं होतं. त्या गावच्या देवस्थान पंच कमिटीनं चित्रीकरणाला नकार दिला. असे नकार रोज मिळतात, त्यात नवल नाही. पण या कमिटीनं कारणं दिली, आणि धर्मभावना बाजूलाच राहून ती कारणं पटकथेच्या वर्मावर बोट ठेवणारी निघाली. पटकथेवर मत द्यायला मला बोलावलं होतं. दोन्ही मसुदे मी वाचले, गावातल्या बैठकीलाही हजर होतो. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही.

पहिल्या मसुद्याची गोष्ट अशी. भूमापन खात्यातली एक तरुणी फेरमोजणीसाठी जंगलाकडेच्या गावात येते. धो धो पाऊस, ओढ्याला पाणी, बस बंद, मोबाइलला रेंज नाही. गावात लक्ष्मीची यात्रा चालू आहे. बारा वर्षांनी आलेली. लोक तिच्याशी फार मायेनं वागतात, तिला हिरवी साडी नेसवतात, तिची ओटी भरतात. शेवटच्या दिवशी सीमेवर देवीची झोपडी पेटवली जाते आणि झोपडीत कोण आहे ते प्रेक्षकाला तेव्हा कळतं.

उसनं काय घेतलं, काय राहिलं

दिग्दर्शकानं काही लपवलं नव्हतं. 1973 चा ‘द विकर मॅन’ आणि 2019 चा ‘मिडसोमार’ हे त्याचे दोन गुरू. पहिल्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर हरवलेल्या मुलीच्या शोधात एक कट्टर ख्रिस्ती पोलीस अधिकारी जातो आणि शेवटी वेताच्या महाकाय पुतळ्यात घालून त्याला जाळलं जातं. दुसऱ्यात अमेरिकी विद्यार्थी स्वीडनमधल्या एका वस्तीतल्या उत्सवाला जातात. तो उत्सव नव्वद वर्षांनी एकदा येतो आणि शेवट पुन्हा आगीतच होतो. नव्वद वर्षांचं ते चक्र पाहिल्यावर त्याला आपल्याकडच्या यात्रा आठवल्या, असं तो म्हणाला. आठवणारच. बेळगाव, खानापूर भागात लक्ष्मीची यात्रा काही गावांत पाच वर्षांनी भरते, काही गावांत बारा किंवा त्याहूनही जास्त वर्षांनी. आणि बऱ्याच गावांत शेवटी सीमेवर झोपडी पेटते. फोक हॉररचा, म्हणजे गावाकडच्या जुन्या श्रद्धा-रीतींतून भीती उभी करणाऱ्या चित्रपटांचा, चाहता असलेल्या माणसाला हे म्हणजे आयतं ताट.

अ‍ॅडम स्कोव्हेल या ब्रिटिश लेखकानं या चित्रपटांची एक साखळी मांडली आहे. आधी भूभाग, त्यातून येणारा एकाकीपणा, एकाकीपणातून वाकडी होत गेलेली श्रद्धा आणि नीती, आणि शेवटी एखादं भयंकर कृत्य. पहिल्या मसुद्यात या चारही कड्या जागच्या जागी होत्या. तरीही वाचताना भीती वाटत नव्हती, आणि का वाटत नव्हती ते मला ‘विकर मॅन’ पुन्हा पाहिल्यावर उमगलं.

त्या बेटावरचा धर्म पुरातन नाहीच. बेटाचा मालक स्वतःच सांगतो की 1868 मध्ये त्याच्या आजोबानं हे ओसाड बेट विकत घेतलं, इथे तगतील अशा फळांच्या जाती तयार केल्या, आणि लोकांनी मन लावून राबावं म्हणून जुने देव पुन्हा उभे केले. म्हणजे मुळात हा जमीनदार, बागायत आणि मजुरीचा मामला आहे. पीक बुडालं म्हणून माणूस जाळायचा. मरण्याआधी पोलीस अधिकारी मालकाला बजावतो की पुढच्या हंगामात पुन्हा पीक बुडालं तर हेच लोक तुला जाळतील. त्या वाक्याला मालकाच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटतं, त्यात चित्रपटाची निम्मी भीती आहे. आग दिसते ती निकाल म्हणून. भांडण जमिनीचं आणि हिशेबाचं आहे.

आमच्या दिग्दर्शकानं आग घेतली, हिशेब घेतला नाही. त्याच्या गावातले लोक बाईला का जाळतात, याचं पटकथेत एकच उत्तर होतं: रीत आहे म्हणून. मी तसं लिहून कळवलं. पण माझ्या टिपणापेक्षा गावानं जे सांगितलं ते कितीतरी नेमकं होतं.

सभामंडपातली बैठक

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात पंचमंडळी बसली होती, मागं खांबांना टेकून तरुण पोरं, एका बाजूला चार-पाच बायका. दिग्दर्शकानं गोष्ट वाचून दाखवली. चांगली वाचली. पहिला प्रश्न एका म्हाताऱ्यांचा:

“पावसात यात्रा कुठल्या गावात करत्यात रे पोरा?”

लक्ष्मीच्या यात्रा होतात त्या सुगी आटोपल्यावर, कडक उन्हात, माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. हातात पैसा असतो, शेत रिकामं असतं, पाव्हण्यांना अंगणात झोपता येतं. पाऊस भयपटाला शोभतो म्हणून पटकथेत आला होता. गंमत म्हणजे ‘मिडसोमार’चं सगळं वैशिष्ट्य हेच की त्यात अंधार जवळजवळ नाही, भर उन्हात सगळं घडतं. गुरूकडून तेवढं तरी घ्यायचं.

दुसरी हरकत कमिटीच्या अध्यक्षांची, आणि माझ्या मते ती निर्णायक होती. “आमच्यात यात्रेला बाहेरचं माणूस आलं न्हाई तर नाक कापलं जातंय. एकेका घरात शंभर-शंभर पाव्हणं. आणि तुझ्या शिनेमात बाहेरचं माणूस एकच?”

यात्रा एकाकी नसते. वर्षानुवर्षं ती भरत नाही याचं एक मोठं कारण खर्च. ती ठरली की घरटी वर्गणी, घरांना रंग, रस्त्याची डागडुजी, गोव्यात, पुण्यात, मुंबईत असलेल्या पोरांना निरोप, दिल्या घरच्या लेकींना आवतण. पहाटे अक्षतारोपण होऊन देवीचं लग्न लागतं. मग होन्नाट: भंडारा उधळत, देवीला खांद्यावर घेऊन गावभर खेळवायचं. रथ ओढायचा. मग देवी गदगेवर, म्हणजे मांडलेल्या आसनावर, बसते आणि ओटी भरायला बायकांची रांग लागते ती दिवसभर हलत नाही. शेवटी देवी सीमेकडे निघते. गावागणिक रीत थोडी वेगळी, पण सगळीकडे गर्दी हाच यात्रेचा प्राण. जो सोहळा सोयऱ्याधायऱ्यांना गोळा करण्यासाठीच आहे, तो जगापासून तुटलेल्या गावाचं गुपित म्हणून दाखवायचा, तर गाव हसणारच. हसलंही.

इथे एक बाजूची गोष्ट सांगायला हवी. खानापूर तालुक्यात खरा एकाकीपणा आहे. 2011 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी, कृष्णापूरसारखी गावं आहेत. पावसाळ्यात तिथे आजारी माणसाला डोली करून चिखलातून खांद्यावर आणावं लागतं. पण तो एकाकीपणा रस्त्याचा आणि दवाखान्याचा, श्रद्धेशी त्याचा काही संबंध नाही. त्या वस्त्यांना मोठी यात्रा परवडतही नाही. पटकथेनं जंगलातल्या वाडीचं तुटलेपण उचललं, सपाटीवरच्या सधन गावाची यात्रा उचलली आणि दोन्हींची मोट बांधली. पुण्यातल्या प्रेक्षकाला ते खपलं असतं. बेळगावात ते पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडलं असतं.

पोरांची हरकत वेगळीच होती. 2022 मध्ये आलेला ‘कांतारा’ हा कन्नड चित्रपट त्यांनी खानापूर-बेळगावच्या टॉकीजमध्ये पुन्हा पुन्हा पाहिला होता. “आमची देवी तशी दाखवा की! हिच्यात देवी काहीच करत न्हाई.” हसण्यावारी नेण्यासारखी ही सूचना नव्हती. ‘कांतारा’मध्ये कॅमेरा गावाच्या बाजूनं उभा आहे, दैव, म्हणजे राखण करणारी देवता, गावाचं आहे आणि धोका बाहेरून येतो, जमीनदाराकडून. फोक हॉररमध्ये कॅमेरा परक्याच्या खांद्यावर बसून गावात शिरतो, म्हणून गाव भीतीदायक दिसतं. त्या पोरांना हे अशा शब्दांत मांडायचं नव्हतं, पण आपल्याच गावाकडे परक्याच्या डोळ्यांनी बघायला लावतोय, हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्यात भर म्हणजे पटकथेतले खुनशी गावकरी दाट सीमाभागी हेल काढून बोलत होते आणि मोजणीवाली बाई स्वच्छ पुणेरी. 1956 पासून ज्या भागाची मराठी खरी की खोटी याची कागदोपत्री भांडणं चालू आहेत, तिथे हा तपशील किती बोचेल याचा विचार बेळगावात वाढलेल्या माणसाला सुचू नये, याचं मला आश्चर्य वाटलं. एक काकू तेवढंच बोलल्या: “आमी बोललाव की भूत वाटतंय व्हय तुमास्नी?”

कमिटीचा निर्णय तिथेच झाला.

खालच्या आळीतला आज्जा

बैठक संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आम्हाला घरी घेऊन गेले. मिलिटरीतून निवृत्त झालेले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. सभामंडपात ते सगळ्यात मागं बसले होते आणि एक शब्द बोलले नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, झोपडी का पेटवतात ते ठाऊक आहे का?

दिग्दर्शकाला ठाऊक नव्हतं. कमिटीनं सांगितलेली गोष्ट एवढीच: देवी रागावली आणि निघून गेली. आज्जांनी उरलेली सांगितली. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका मुलानं जात लपवून ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न केलं. संसार झाला, लेकरं झाली. एक दिवस मुलाची आई सुनेच्या घरी आली. सुनेनं गोडाधोडाचं वाढलं. खाता खाता म्हातारीच्या तोंडून निघून गेलं की हे तर रेड्याच्या भाजलेल्या जिभेसारखं लागतंय. सुनेला सगळं कळलं. तिनं घर पेटवलं, स्वतः देवी झाली. नवरा रेडा झाला आणि दर यात्रेला त्याची मान कापली जाऊ लागली.

ही कथा आज्जांनी रचलेली नाही. द्यामव्वा, मारी अशा देवींच्या नावांनी ती उत्तर कर्नाटकापासून तमिळ प्रदेशापर्यंत सापडते. हेन्री व्हाइटहेड या इंग्रज बिशपनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जवळजवळ याच तपशिलांसह, जिभेच्या वाक्यासकट, नोंदवून ठेवली आहे. आज्जांच्या आजोबांकडे यात्रेत रेड्यामागची कामं वंशपरंपरेनं होती. 1925 मध्ये निपाणीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद झाली. त्या वाऱ्यानंतर या भागातल्या अनेक घरांनी असले मान हळूहळू टाकून दिले. आज्जांच्या वडिलांनीही टाकले. रेड्याचा बळी या गावात आता होत नाही. देवळाच्या आवारातल्या पशुबळीला राज्यात 1959 पासून कायद्यानं बंदी आहे. झोपडी मात्र अजून पेटते.

“झोपडीत कोण जळतंय ते आमाला ठाऊक हाय,” आज्जा म्हणाले. “त्यो आमचा माणूस. तुमी त्याला काढून मोजणीवाल्या बाईला घातलासा.”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या वाक्यात आहे. दिग्दर्शक दूरच्या, विचित्र, हरवलेल्या श्रद्धेच्या शोधात होता. भयंकर गोष्ट समोर होती, आणि ती दूरची नव्हती, विचित्रही नव्हती. ती इतकी रुळलेली होती की कमिटीनं तिचा अर्धा भाग सहज गाळला आणि कुणाला काही खटकलं नाही. स्कोव्हेलच्या साखळीतली ‘वाकडी श्रद्धा’ इथे एकाकीपणातून आलेली नाही. सोयरीक, पाव्हणे, आवतण, पंगत यांच्या भरगच्च जाळ्यातच ती जिवंत राहिली आहे. माणसं जितकी जास्त, तितकी चौकशी जास्त.

दुसरा मसुदा

चार महिन्यांनी नवी पटकथा आली. मोजणीवाली बाई गेली, पाऊस गेला, जंगल गेलं. आता यात्रेसाठी पुण्याहून एक माहेरवाशीण येते, बरोबर नवरा. कोर्टात लग्न झालेलं. मुलीच्या आईला सगळं माहीत आहे. गावाला सांगितलंय की जावई तिकडे विदर्भाकडचे. भर उन्हाळा, घरात साठ-सत्तर माणसं, सतत चहा, सतत पंगत. आणि प्रत्येकजण जावयाला हसून विचारतोय: पाव्हणं कुठलं? आडनाव काय? मूळ गाव? कुळी कुठली? देवक काय? अमुक गावचे अमुक तुमचे कोण लागतात?

बस, एवढंच. कुणी सुरा काढत नाही. पहिल्या दिवशी प्रश्न सहज येतात, तिसऱ्या दिवशी तेच प्रश्न दुसऱ्या माणसाकडून येतात, पाचव्या दिवशी एक आत्या आपल्या वहीत बघून म्हणते, “त्या गावात ह्या आडनावाचं घर न्हाई की.” हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, आणि पहिल्या मसुद्यात झोपडी पेटल्यावरही आला नव्हता. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे प्रश्न पाठ असतात. आपण ते विचारलेले असतात.

कॅमेरा तरीही बाहेरून येणाऱ्याबरोबरच आत शिरतो. पण हा बाहेरचा आता घरातला जावई आहे, आणि बायको त्या गावची लेक, दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी. ‘मिडसोमार’मध्ये पाहुण्यांना वस्तीत घेऊन येणारा मित्र त्याच वस्तीतला असतो. ती जागा आता तिच्याकडे आली. आपण नवऱ्याला कुठे घेऊन आलोय हे तिला कितपत कळतंय, हा पटकथेतला सगळ्यात चांगला धागा. मला तो अजून ताणलेला आवडला असता. मधल्या भागात दिग्दर्शक रथ आणि भंडाऱ्याच्या दृश्यांत रमतो आणि ही बाई दहा पानं गप्प होते. सांगून पाहिलं. रथ त्याला सोडवत नाही.

शेवटाला पहिल्यांदा असं होतं की झोपडी पेटवायचा मान जावयाला देतात आणि मशाल त्याच्या हातात येते. कल्पना म्हणून जबरदस्त. पण कमिटीनं हे पान वाचून कपाळाला हात लावला. पेटवायचा हक्क ठरलेल्या घराण्याचा. उद्या सिनेमा दाखवून कुणी जावई पुढं आला तर हक्कदारांच्या भांडणाला निमित्त मिळेल. दिग्दर्शकानं मशाल काढली. आता गर्दीत जावई मागं उभा आहे, सासूबाई येतात, त्याचा दंड धरतात आणि म्हणतात, “पुढं या जावईबापू, नीट दिसंल.” संपलं. सासूला माहीत आहे हे आपल्याला माहीत आहे. गावाला कळलंय की नाही ते चित्रपट सांगत नाही. मशालीपेक्षा हे मला सरस वाटतं. हक्कदारांमुळे असं काही सुचावं, हे पटकथालेखनाच्या वर्गात कुणी शिकवणार नाही.

चित्रीकरण

यावर फार लिहिण्यासारखं नाही. देवीची मूर्ती, देऊळ आणि खरी सीम कॅमेऱ्यात घ्यायची नाही, ही अट मान्य झाली आणि या वेळी कमिटीनं होकार दिला. यात्रा अजून बरीच वर्षं लांब असल्यानं खरी झोपडी मिळणार नव्हतीच, आणि खोटी झोपडी गावच्या शिवारात जाळायला कमिटी तयार नव्हती. वाट काढली ती कॅमेरामननं. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात, ती आग रात्री मैलभरावरून दिसते. दुसऱ्या गावातल्या एका शेतकऱ्यानं पाचट पेटवायचंच ठरवलं होतं, त्याच रात्री जाऊन ती टिपली. पाचट जाळू नये असं कृषी खातं सांगतं आणि ते बरोबरच आहे, पण ती आमच्यासाठी पेटवली नव्हती. पडद्यावर झोपडी कुठेच नाही. दिसतात त्या माणसांच्या तोंडावर पडलेला उजेड आणि उडणारी काजळी. जनावर एकही वापरलेलं नाही, त्यामुळे पशुकल्याण मंडळाच्या परवानगीचा प्रश्नच आला नाही. भूमिका गावातल्याच लोकांनी केल्या. वहीवाली आत्या म्हणजे बैठकीत बोललेल्या त्याच काकू. भूत वाटतंय का, असं विचारणाऱ्या बाईनं चित्रपटातली सगळ्यात भीतिदायक भूमिका केली, आणि हेल एवढासाही बदलला नाही. आता जावई सोडून सगळेच त्या हेलात बोलतात, त्यामुळे कानाला परका वाटतो तो जावई.

आता कुठे अडलंय

संकलन झालं आहे. कुठल्याही महोत्सवाला पाठवण्याआधी पहिला खेळ गावात, ही कमिटीची शेवटची अट, ती दिग्दर्शकानं लिहून दिली होती. खेळाआधी कच्ची प्रत दाखवली आणि वाद उभा राहिला तो एका वाक्यावर.

पंगतीत शेवयांची खीर वाढली जाते आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई घास घेऊन म्हणते, “जिभेवानी मऊ लागत्या.” दिग्दर्शकानं हे वाक्य आज्जांच्या कथेतून उचललं, पण सासरघरच्या आजीच्या तोंडी घातलं. सगळे हसतात. जावई हसत नाही. कमिटीचं म्हणणं, हे वाक्य काढा. ज्यांना मूळ कथा ठाऊक आहे त्यांना लगेच कळेल की कशाकडे बोट आहे, आणि गावात नको ते बोलणं निघेल. अध्यक्ष त्यांच्या बाजूनं चुकीचं काही सांगत नाहीत. बोलणं निघेलच.

आज्जांची हरकत उलट्या बाजूनं आहे. वाक्य राहू दे, पण ते आमच्या आईचं आहे, मुलाच्या आईचं. तिच्या तोंडचं काढून वरच्या आळीतल्या आजीला कसं दिलं? त्या म्हातारीला एकच वाक्य मिळालं होतं, तेही तुमी घेतलासा. त्यावर दिग्दर्शकाचं उत्तर असं की मुलाची आई या चित्रपटात आणली तर गुपित पहिल्याच पंगतीत फुटेल. चित्रपटाच्या गणितानं ते खरं आहे.

मला विचारलं तेव्हा मी वाक्य ठेवायच्या बाजूनं मत दिलं. ते काढलं तर शेवटच्या आगीचा देवीच्या कथेशी असलेला एकुलता एक दुवा तुटतो आणि पुण्यातल्या प्रेक्षकाला पुन्हा नुसती यात्रेतली एक आग दिसेल. आज्जांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिग्दर्शकानं सुचवलं की जावयाला पुण्याहून आईचा फोन येतो असं एक छोटं दृश्य वाढवू. “जेवलास काय रे? काय वाढलंतं?” एवढंच तिनं विचारायचं. ते दृश्य अजून चित्रित व्हायचं आहे, आणि आईचा आवाज आपल्या सुनेनं द्यावा, असा आज्जांचा आग्रह आहे.